संशोधनासाठी आंतरजाल-शोध : शब्दनिवडीचा प्रश्न
(राळेगाव तालुका व यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : आंतरजाल, शोधयंत्र, शोधशब्द, स्थाननामे, पूर्वसंशोधनाचा आढावा, यवतमाळ जिल्हा

प्रास्ताविक

मराठीतील अनेक एम. फिल. व पीएच. डी. प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य ठरल्यासारखे येते : 'प्रस्तुत विषयावर यापूर्वी स्वतंत्र संशोधन झाल्याचे आढळत नाही.' एकेकाळी हे वाक्य ग्रंथालयातील तालिकापत्रांच्या आधारे लिहिले जात असे. संशोधक विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन-चार दिवस मुक्काम करी, तालिका चाळी, ग्रंथपालांना विचारी आणि मग काहीसा धीर करून तसे लिही. आज शोधयंत्रात दोन-तीन शब्द टाकले व पहिल्या पानावर हवे ते दिसले नाही, की हे वाक्य सिद्ध होते. 'आढळत नाही' या क्रियापदात शोधणाऱ्याची एक कृती गृहीत धरलेली आहे. ती कृती कोणत्या शब्दांनी, कोठे आणि केव्हा झाली, याचा उल्लेख मात्र प्रबंधात सहसा नसतो. त्यामुळे वाक्य विषयाबद्दलचे असल्याचा भास होतो. वस्तुतः ते शोधणाऱ्याने योजलेल्या दोन-तीन शब्दांबद्दलचे असते.

आंतरजालावरील शोध सुधारावा कसा, यावर मार्गदर्शनाची वाण नाही. हे मार्गदर्शन बहुतांशी तंत्राचे असते. चिन्हे कोणती वापरावीत, कोणत्या संकेतस्थळावर जावे, हे त्यात सांगितले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी प्रदेशातील संशोधनाचा शोध तंत्राच्या अज्ञानापेक्षा शब्दाच्या निवडीत अधिक फसतो. आणि शब्दाची निवड ही तांत्रिक बाब नसून इतिहासाची, भाषेची व काही वेळा पक्ष घेण्याचीही बाब असते. यासाठी उदाहरणे दूरची घेण्याचे कारण नाही. राळेगाव आणि यवतमाळ जिल्हा एवढे क्षेत्र त्यासाठी पुरेसे आहे.

चिन्हांची शिकवण

कार्यशाळांतून वाटल्या जाणाऱ्या टिपणांचा गाभा ठरलेला असतो. पदसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा, नको असलेल्या शब्दामागे वजाचे चिन्ह द्यावे, शोध एकाच संकेतस्थळापुरता किंवा एकाच प्रकारच्या फाइलींपुरता मर्यादित करावा. हे सर्व आजही उपयोगी आहे व ज्यांना ठाऊक नाही त्यांनी अर्ध्या तासात शिकून घ्यावे. परंतु जुन्या टिपणांतील काही भाग केव्हाच कालबाह्य झाला आहे. शब्दामागे अधिकचिन्ह दिल्यास तो शब्द सक्तीने शोधला जातो, हे एकेकाळी खरे होते. गूगलने त्या चिन्हाचा तो अर्थ २०११ मध्ये बंद केला. समानार्थी शब्द मिळवून देणारे नागमोडी चिन्ह २०१३ मध्ये गेले. पानाची साठवलेली प्रत दाखविण्याची सोय २०२४ मध्ये काढून घेण्यात आली. नाहीसे झालेले पान पाहण्यासाठी आता इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'कडे जावे लागते. खाजगी कंपनीने दिलेली सोय ती कंपनी केव्हाही परत घेऊ शकते, एवढा बोध यातून घेतला तरी पुष्कळ झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट क्रमवारीची. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे मूळ तत्त्व, ज्या पानाकडे इतर अनेक पाने निर्देश करतात ते पान वर आणावे, असे होते. संशोधनलेखांच्या संदर्भमोजणीशी या कल्पनेचे नाते उघड आहे. आजच्या क्रमवारीत इतर अनेक घटक मिसळले असले, तरी ज्याचा बोलबाला अधिक ते वर, हा कल कायम आहे. राळेगावचे नाव रोमन लिपीत टंकित करणाऱ्यास याचा अनुभव येतो. किंचित अक्षरभेद झाला की शोधयंत्र त्यास अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धीकडे नेऊ पाहते. कारण अण्णा हजारे यांच्यामुळे त्या गावाविषयी देशभर लिहिले गेले आहे. त्यातून सुटल्यावर जे हाती येते त्यात राळेगाव विधानसभा मतदारसंघाच्या निकालांचा भरणा असतो. शेती, जंगल, कोलाम वस्त्या यांविषयीचे जे थोडेफार आहे ते खाली दबलेले असते. दहाव्या पानापर्यंत जाण्याची चिकाटी हा त्यावरचा उपाय नव्हे. शब्द बदलणे हाच उपाय आहे.

एका जिल्ह्याची अनेक नावे

यवतमाळ जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकातील जमीनमहसुलावर किंवा कापूसव्यापारावर काम करणारा संशोधक साहजिकच 'यवतमाळ' हा शब्द टाकतो व निराश होतो. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव यवतमाळ नव्हतेच. तो वणीच्या नावाने ओळखला जाई आणि इंग्रज अधिकारी ते नाव 'वुन' असे लिहीत. पुढे जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, तेव्हाही रोमन लिपीतील रूप आजचे नव्हते. 'वाय'नंतर 'ई' व 'ओ' येणारे ते रूप जुन्या 'येवतमाळ' या उच्चाराशी जुळणारे आहे. १९०८ चे जिल्हा गॅझेटियर त्याच रूपाने प्रसिद्ध झाले. इम्पीरियल गॅझेटियरच्या प्रतीत त्यातील एका स्वरावर दीर्घत्वाची रेघ आहे आणि प्रतिमेवरून अक्षरे ओळखताना यंत्र अशा रेघेपाशी हमखास अडखळते. म्हणजे एका जिल्ह्यासाठी किमान चार-पाच रूपे झाली व त्यांपैकी संशोधकाने योजिले ते एकच.

प्रदेशाच्या नावाचेही तसेच आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. तेव्हापासून दप्तरी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', ए. सी. लायल यांनी संपादिलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर याच नावाखाली नोंदलेले सापडते, 'महाराष्ट्र' या शब्दाने ते सापडण्याचा संभव नाही. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला आणि पुढे 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे नाव रूढ झाले. १९५० नंतर मध्यप्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. जागचे न हललेले एकच गाव शंभर वर्षांत पाच शासनांच्या दप्तरांत विखुरले गेले. अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर प्रांताच्या नावाने चाळणी लावताना हे ध्यानात घेतले नाही, तर चाळणी नेमके हवे तेच गाळून टाकते.

तालुक्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका वाशीमकडून या जिल्ह्यात आला व यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद असे पाच तालुके झाले. आज जिल्ह्यात १६ तालुके आहेत. त्या काळच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये 'राळेगाव तालुका' शोधणारास शून्य उत्तर मिळेल, कारण राळेगाव तेव्हा तालुका नव्हता. तेथील मजकूर त्या वेळच्या मोठ्या तालुक्यांच्या वर्णनात विरघळलेला आहे. उलटपक्षी केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा असल्याने एकाच क्षेत्राची माहिती दोन नावांखाली विभागली जाते. महसुली कागदात केळापूर, वनखात्याच्या कागदात पांढरकवडा. यावर जनगणनेतील गावांचे संकेतांक हा एक निर्मळ मार्ग आहे. अंकाला अनुस्वार नसतो आणि त्याचे स्पेलिंगही बदलत नाही.

प्रबंधांच्या शोधातही हीच मेख आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची. त्यापूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठास संलग्न होती आणि त्या विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा निर्देश २००५ पासून आहे. 'शोधगंगा'वर केवळ अमरावती विद्यापीठाचा विभाग पाहून 'आढळत नाही' लिहिणाऱ्याने पूर्वीच्या पिढीचे सगळे काम एका फटक्यात रद्द केलेले असते. शिवाय तेथे मराठी प्रबंधांची शीर्षके कोठे देवनागरीत, कोठे रोमन लिप्यंतरात, तर कोठे इंग्रजी भाषांतरात नोंदलेली आहेत आणि अनेक प्रकरणे निव्वळ प्रतिमा असल्याने त्यांच्या आतील शब्द शोधता येत नाहीत. शीर्षकाचे तिन्ही अवतार कल्पून पाहिल्याखेरीज तेथील शोध पुरा झाला असे म्हणता येत नाही.

व्यक्तिनामांबाबत एकच उदाहरण देऊन थांबता येईल. १९३० च्या जुलैमध्ये पुसद येथे जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे लोकनायक बापूजी अणे मराठीत 'माधव श्रीहरि' वा 'श्रीहरी' असतात, इंग्रजीत 'एम. एस.' असतात व त्यांच्या आडनावाच्या शेवटी एक जादा 'वाय' असतो. तो 'वाय' गाळणारास त्यांच्याविषयीच्या इंग्रजी साधनांचा मोठा भाग मुकतो. तसेच 'जंगल सत्याग्रह' हा आपला शब्द. सरकारी दप्तरात तेच प्रकरण सविनय कायदेभंगाच्या मथळ्याखाली असते.

कोलाम : लिपी कोठे तारते

नाव बदलल्याने साधन हरवते, तसे नाव सारखे असल्यानेही ते हरवते. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती केंद्र शासनाने विशेष असुरक्षित गटात घातलेल्या आहेत. त्यांपैकी कोलामांची वस्ती यवतमाळ जिल्ह्यात लक्षणीय आहे. हा शब्द रोमन लिपीत टाकताच तामिळनाडूतील अंगणात काढल्या जाणाऱ्या रांगोळ्यांची हजारो चित्रे पुढे येतात, त्यामागोमाग तांदळाची एक जात. वजाचे चिन्ह लावून रांगोळी वगळता येते खरी. पण देवनागरीत 'कोलाम' लिहिले तर हा गोंधळ मुळातच उद्भवत नाही, कारण तांदूळ 'कोलम' आहे व जमात 'कोलाम'. रोमन लिपीत पुसला गेलेला एक काना येथे संशोधकाच्या कामी येतो. इंग्रजीतच सारे काही असते या समजुतीने देवनागरीत शोधच न करणाऱ्या अध्यापकांनी हा प्रयोग एकदा करून पाहावा.

त्याच वेळी इंग्रजीचा मार्ग सोडूनही चालत नाही. रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ चा ग्रंथ, एमेनो यांचा कोलामी भाषेवरील १९५५ चा ग्रंथ ही साधने इंग्रजीतच आहेत. एमेनो यांच्यापर्यंत 'कोलाम जमात' या शब्दाने पोहोचता येत नाही, 'कोलामी' व 'द्राविडी' या शब्दांनी येते; म्हणजे समाजशास्त्राच्या अभ्यासकाने भाषाशास्त्राच्या दारावर थाप मारावी लागते. शासकीय संज्ञेतही पालट झाला. पूर्वी 'आदिम जमाती' म्हणून ज्यांची गणना होई त्यांना २००६ पासून केंद्र शासन 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणते. जुनी संज्ञा अपमानास्पद म्हणून टाकून दिली हे योग्यच. परंतु शोधपेटीतून ती टाकून दिली, तर २००६ पूर्वीचे अहवाल हाती लागत नाहीत. आणि या सर्वांपलीकडे 'पोड' हा स्थानिक शब्द आहे. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. हा दोन अक्षरी शब्द जोडल्याबरोबर स्थानिक वार्तांकन व क्षेत्रकार्य वर येऊ लागते. असा शब्द कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळत नाही. तो गावाकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो, फक्त त्याला कोणी विचारलेले नसते.

'अवनी', 'टी-१' आणि बोराटी

आतापर्यंतच्या उदाहरणांत चुकीच्या शब्दाने माहिती निसटत होती. काही वेळा मात्र शब्द भरपूर माहिती देतो व तरीही फसवितो. याचे ठळक उदाहरण राळेगाव परिसरातच घडले आहे.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात एका वाघिणीस गोळी घालून ठार करण्यात आले. सुमारे दोन वर्षांतील १३ माणसांच्या मृत्यूशी तिचा संबंध जोडण्यात आला होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तिला दोन बछडी होती. मृत्यूंपैकी किती तिच्यामुळे, तिला बेशुद्ध करून पकडता आले असते काय, गोळी नियमानुसार झाडली गेली काय, हे सर्व प्रश्न वादग्रस्त राहिले.

वनखात्याच्या कागदांत ही वाघीण 'टी-१' आहे. प्राणिप्रेमी संघटनांच्या व देशभरच्या वृत्तमाध्यमांच्या लेखी ती 'अवनी' आहे. मराठी वार्ताहरांच्या मथळ्यांत ती बहुधा 'नरभक्षक वाघीण' आहे. कायद्यात यांपैकी काहीच नाही : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ मध्ये 'मानवी जीवितास धोकादायक' असा शब्दप्रयोग आहे. आता या प्रत्येक शब्दाने शोध घेऊन पाहावा. 'अवनी' या शब्दाने निषेधमोर्चे, स्वाक्षरीमोहिमा, मातृत्वाचे करुण वर्णन आणि बछड्यांची चिंता पुढे येते. 'टी-१' ला 'पांढरकवडा' जोडले असता आदेश, कॅमेऱ्यातील छायाचित्रे, न्यायालयीन कामकाज येते. कायद्याचा शब्दप्रयोग कार्यपद्धतीच्या सूचनांकडे नेतो. २०२१ मध्ये या प्रकरणाशी साम्य सांगितला गेलेला 'शेरनी' हा हिंदी चित्रपट आल्यानंतर तर चित्रपटपरीक्षणेही या ढिगात मिसळली.

या सर्व शोधांत १३ माणसे हा एक आकडा असतो. ती माणसे कोण होती, शेतात होती की गुरांमागे, त्यांच्यामागे कोण राहिले, त्या हंगामात गावाने कापूस वेचला की नाही, हे जाणायचे तर शोधपेटीत वाघिणीचे कोणतेच नाव असून चालत नाही. तेथे 'बोराटी' असावे लागते, 'राळेगाव' असावे लागते, 'गुराखी', 'शेतमजूर', 'वाघाच्या हल्ल्यात ठार' असे साधे शब्द असावे लागतात, आणि कालमर्यादा २०१६ ते २०१८ अशी घालावी लागते. तेव्हा कोठे जिल्हा आवृत्त्यांतील चार-चार ओळींच्या बातम्या वर येतात. मानव-वन्यजीव संघर्षावर लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने केवळ 'अवनी' या शब्दाने साधने गोळा केली, तर त्याच्या निबंधाचा निष्कर्ष पहिला शब्द टंकित करतानाच ठरलेला असतो. केवळ 'नरभक्षक' या शब्दाने गोळा केली, तरी तेच. एका बाजूची पन्नास साधने जमवून 'विविध साधनांच्या आधारे' असे लिहिणे हा या पद्धतीतला सर्वांत अवघड दोष आहे, कारण तो परीक्षकालाही दिसत नाही. संदर्भसूची भरगच्च असते.

२०१७ मधील कीटकनाशक फवारणीच्या प्रकरणात हे आणखी एका अंगाने दिसते. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. मराठी पत्रांत हे 'फवारणीतून विषबाधा' आहे. वैद्यकीय नियतकालिकांत ते रसायनाच्या कुलनामाने, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट विषबाधा म्हणून, नोंदले जाते. आणि 'पबमेड'सारख्या सूचीत लेखांना जी नियंत्रित विषयशीर्षके जोडलेली असतात ती याच कुळातली. अर्थशास्त्राचा अध्यापक पहिल्या शब्दाशी थांबतो, वैद्यक दुसऱ्याशी. बहुविद्याशाखीय म्हणवणाऱ्या संशोधनात तरी दोन्ही शब्द एका कागदावर यावयास हवेत.

अक्षरांचे अडथळे

लेखनरूपांचा प्रश्न येथे थोडक्यात मांडणे पुरे. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात 'राळेगांव' आहे, 'नांव' आहे. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठविला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु काही ग्रंथालयसूचींना व फाइलीच्या आतील शोधाला ते भिन्न वाटतात. ज्या प्रदेशाचा अभ्यास करावयाचा त्याचे नावच असे दुहेरी असावे, हा एक चमत्कारिक योग. युनिकोडपूर्वीच्या श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी आदी टंकांत तयार झालेल्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, पण त्यांच्या पोटात निरर्थक रोमन अक्षरे असतात. त्यांतील मराठी शब्द कोणत्याही शोधयंत्रास सापडणार नाही. सन देवनागरी अंकांत आहे की रोमन, याचाही फरक पडतो. तेव्हा शोध शून्य आला म्हणून साधन नाही असे नव्हे. ते डोळ्यांनी वाचावे लागणारे साधन असू शकते.

शोधाची नोंद

वैद्यकशास्त्रात पूर्वसंशोधनाच्या पद्धतशीर आढाव्यासाठी 'प्रिझ्मा' नावाचे निकष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले व २०२० मध्ये सुधारण्यात आले. कोणत्या सूचीत, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांनी शोध घेतला, हे त्यांनुसार जसेच्या तसे द्यावे लागते. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत असा दंडक नाही. येथे आक्षेप येईल की, तासिका, परीक्षा, प्रवेश, मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून वेळ काढणाऱ्या अध्यापकावर आणखी एक तक्ता लादण्यात काय हशील? आक्षेप खोटा नाही. पण नोंदीने वेळ वाढतो हे खरे नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बसल्यावर तेच शब्द नव्याने टाकून तीच पाने पाहण्यात जो वेळ जातो, तो कोणी मोजत नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याचाच आहे. एका साध्या वहीत उभे तीन रकाने आखले, एकात शब्दाची रूपे, दुसऱ्यात ठिकाण व तारीख, तिसऱ्यात मिळाले ते, एवढ्याने काम भागते. पहिला रकाना शोधयंत्र उघडण्यापूर्वी भरावा. तो भरताना गॅझेटियर, मराठी विश्वकोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थ आणि वर्गातले विद्यार्थी ही पाचही साधने सारख्याच मोलाची आहेत.

अलीकडे शोधयंत्रे दुव्यांऐवजी तयार उत्तरच देऊ लागली आहेत व अनेकांना त्यामुळे ही सर्व खटपट अनावश्यक वाटते. संभाषण करणाऱ्या संगणकप्रणाली अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही आत्मविश्वासाने देतात, हे आता सर्वज्ञात आहे व तपासल्यास उघडही पडते. पण त्याहून मोठी अडचण येथे मांडलेल्या प्रश्नाची आहे. तयार उत्तरात कोणते शब्द योजले गेले हे दिसत नाही. 'वाघीण' विचारली असता उत्तर 'अवनी'च्या ढिगातून आले की 'बोराटी'च्या, हे कळण्याची सोय राहत नाही.

पहिल्या प्रकरणातील ते वाक्य मग असे लिहावे लागेल : अमुक शब्दरूपांनी, अमुक सूचींत, अमुक तारखांस शोध घेतला, शोधगंगेवर अमरावती व नागपूर ही दोन्ही विद्यापीठे पाहिली, जुन्या टंकांतील अमुक फाइली डोळ्यांनी वाचल्या, इतक्या साधनांपैकी इतकी उपयोगी ठरली. परीक्षकाने पहिल्या प्रकरणात हेच प्रथम पाहावे. ज्या गोष्टी आंतरजालावर कोणत्याच नावाने नाहीत, जसे ग्रामपंचायतीची मृत्यूनोंदवही किंवा नुकसानभरपाईच्या अर्जांची फाइल, त्यांची यादी त्याच वहीच्या शेवटी करावी आणि ती घेऊन गावी जावे. तेथे मात्र 'तलाठी कार्यालय' असे विचारले तरी सापडते, जरी २०२४ पासून त्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे.